परदेशात जन्मलेल्या आयरिश मुलांच्या नागरिकत्व नोंदणीबाबत मागणीपत्र

प्रति,
माननीय परराष्ट्र व्यवहार मंत्री,
आयर्लंड सरकार, डब्लिन

प्रत: माननीय न्याय मंत्री

विषय: नागरिकत्व मिळवलेल्या पालकांच्या, आयर्लंडबाहेर जन्मलेल्या मुलांची वंशाधारे नोंदणी

माननीय मंत्रिमहोदय,

आम्ही आयर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची संघटना आहोत. आमच्या बहुतेक सभासदांनी इथले अधिकृत वास्तव्य पूर्ण केले, अर्जाचे १७५ आणि प्रमाणपत्राचे ९५० युरो भरले, राष्ट्रनिष्ठेची प्रतिज्ञा घेतली आणि ते आयर्लंडचे नागरिक झाले. ते इथे नोकरी-व्यवसाय करतात, कर भरतात, मतदान करतात. नागरिकांनी आपल्या सरकारकडे केलेली ही मागणी आहे आणि ती त्याच नात्याने वाचली जावी.

या पत्राची इंग्रजी प्रत खात्यासाठी आहे. मराठी प्रत सभासदांसाठी आणि महाराष्ट्र-गोव्यातल्या आजी-आजोबांसाठी आहे, कारण बाळाचे कागद जमवण्याची निम्मी धावपळ तेच करतात.

आधी कायदा. आयरिश राष्ट्रीयत्व व नागरिकत्व कायदा, १९५६ याच्या सातव्या कलमानुसार, जन्माच्या वेळी आई किंवा वडील आयरिश नागरिक असतील तर मूल जन्मापासून आयरिश असते. त्याच कलमाचे तिसरे पोटकलम यातून काही मुले वगळते. मूल आयर्लंड बेटाबाहेर जन्मले असेल आणि ज्या पालकामुळे त्याला हक्क मिळतो तो पालकही बेटाबाहेर जन्मलेला असेल, तर कलम २७ खालच्या नोंदवहीत, म्हणजे फॉरेन बर्थ्स रजिस्टरमध्ये, नाव चढल्याशिवाय ते मूल नागरिक होत नाही. नागरिकत्व सुरू होते ते नाव चढल्याच्या दिवसापासून. अर्ज कधी पोहोचला, मूल कधी जन्मले, याला त्यात जागा नाही.

हा फरक कुणाला लागू होतो हे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांच्या उदाहरणावरून कळेल. त्यांच्या वडिलांचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड, आई वॉटरफर्ड परगण्यातल्या डंगारव्हनच्या. वराडकर १९७९ साली डब्लिनमध्ये जन्मले. ते मुंबईत जन्मले असते, तरी आईचा जन्म आयर्लंडमधला असल्यामुळे जन्मापासून आयरिशच ठरले असते. त्यासाठी नोंदवहीची गरज पडली नसती. आमच्या मुलांच्या आया कोल्हापूर, नाशिक, मडगावच्या. त्यांच्या हातातला पासपोर्ट तोच, मताचा अधिकार तोच, करही तोच. पण मुलाच्या जन्माच्या दिवशी त्यांचे नागरिकत्व अर्धे मोजले जाते.

बाळंतपणाला माहेरी जाण्याची रीत आमच्याकडे आजही आहे. सातव्या महिन्यानंतर मुलगी आईकडे जाते, बाळ झाल्यावर सव्वा महिना तिथेच राहते. परदेशात दोघेच राहणाऱ्या जोडप्याला तर हा आधार जास्तच लागतो. आता असे जोडपे घ्या, ज्यात दोघांनीही आयरिश नागरिकत्व घेतले आहे. त्यांचे पहिले मूल डब्लिनच्या रोटुंडा इस्पितळात झाले, म्हणून जन्मतः आयरिश. दुसऱ्या खेपेला आई नाशिकला गेली. हे दुसरे मूल आयरिश नाही. ते भारतीयही नाही. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेल्या मुलाला भारतीय नागरिकत्व मिळायचे तर आई-वडिलांपैकी किमान एक जण भारतीय नागरिक असावा लागतो, आणि या दोघांनी ते नागरिकत्व आयर्लंडसाठी सोडलेले आहे, कारण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही.

म्हणजे नोंदवहीत नाव चढेपर्यंत ते बाळ कुठल्याच देशाचे नाही. त्याला पासपोर्ट नाही. परदेशी पालकांच्या भारतात जन्मलेल्या बाळाला देश सोडताना परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाची (एफआरआरओ) परवानगी लागते, आणि ती मागायची तर पासपोर्ट दाखवावा लागतो. बाप डब्लिनमध्ये कामावर, मोठी मुलगी त्याच्याजवळ, आई आणि तान्हे नाशिकमध्ये. आणि ही ताटातूट किती दिवसांची हे ठरते टपालाने पाठवलेल्या अर्जाच्या पाकिटाचा नंबर कधी लागतो यावर. ज्यांनी प्रत्येक अट पाळून नागरिकत्व घेतले, त्यांच्याच लेकराची ही गत व्हावी, हे आम्हाला मान्य नाही.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे.

मागणी १. नागरिकत्वाची तारीख.

अज्ञान मुलाची नोंदणी मंजूर झाली की त्याचे नागरिकत्व जन्मापासून धरावे. सज्ञान अर्जदाराचे नागरिकत्व, पूर्ण अर्ज खात्याला मिळाला त्या तारखेपासून धरावे. यासाठी कलम ७ व २७ मध्ये दुरुस्ती करणारे विधेयक आणावे.

सज्ञान अर्जदाराचा मुद्दा पुढच्या पिढीशी बांधलेला आहे. आजच्या नियमाने, नोंदवहीत नाव असलेली व्यक्ती आपल्या परदेशात जन्मणाऱ्या मुलाला हक्क देऊ शकते, पण तिची स्वतःची नोंदणी मुलाच्या जन्माआधी झालेली असेल तरच. अर्ज वेळेत केला, कागद पूर्ण दिले, आणि नोंदणी व्हायच्या आदल्या दिवशी बाळ जन्मले, तर त्या बाळाचा हक्क कायमचा गेला. अर्जदाराची यात काही चूक नाही. चूक असलीच तर ती रांगेच्या लांबीची आहे, आणि रांग सरकारच्या ताब्यात आहे. गरोदर अर्जदारांचे आणि राष्ट्रीयत्वहीन व्यक्तींचे अर्ज तातडीने घेण्याची सोय खात्याने ठेवली आहे हे आम्ही जाणतो. ती अधिकाऱ्याच्या मर्जीवरची सोय आहे. कायद्याने दिलेला हक्क तिच्यावर टांगून ठेवता येत नाही.

ही मागणी नवी नाही. १९८६ ची दुरुस्ती होईपर्यंत आयर्लंडचा कायदा हेच करत होता. त्या काळातल्या नोंदणीचे नागरिकत्व १७ जुलै १९५६ किंवा जन्मतारीख, यांपैकी जी नंतरची असेल तिथपासून धरले जाते. पिढ्यान्‌पिढ्या नागरिकत्व आपोआप झिरपत राहू नये, हा १९८६ च्या दुरुस्तीमागचा विचार आम्हाला पटतो. आमच्या मागणीने त्याला बाधा येत नाही. मुलाच्या जन्माआधी पालकाने अर्ज केलेलाच असावा, ही अट आम्हाला मान्य आहे. अर्ज कधी करायचा हे पालकाच्या हातात असते, निर्णय कधी होणार हे नसते. म्हणून अट पहिल्या गोष्टीला लावावी.

मागणी २. कुठल्याच देशाचे नागरिकत्व नसलेली बाळे.

नोंदणीअभावी ज्या मुलाला दुसऱ्या कुठल्याही देशाचे नागरिकत्व मिळत नाही, ते मूल कलम ७(३) मधून वगळावे, म्हणजे त्याचे नागरिकत्व जन्मतःच असेल आणि नोंदणी केवळ त्याचा पुरावा असेल. असा अपवाद या पोटकलमात आजही आहे: आयर्लंडच्या सरकारी सेवेत परदेशी नेमणुकीवर असलेल्या पालकाच्या मुलाला नोंदणीची अट नाही. वकिलातीतल्या कर्मचाऱ्याच्या बाळासाठी जी काळजी कायद्याने घेतली, तीच नर्सच्या बाळासाठी घेता येते.

राष्ट्रीयत्वहीनता कमी करण्याविषयीचा १९६१ चा संयुक्त राष्ट्रांचा करार आयर्लंडने १९७३ पासून स्वीकारलेला आहे. त्याचे चौथे कलम नेमके आमच्याच मुलांबद्दल आहे. करारात नसलेल्या देशात मूल जन्मले, त्याला अन्यथा कुठलेच राष्ट्रीयत्व मिळत नाही, आणि जन्मसमयी आई किंवा वडील करारातल्या देशाचे नागरिक आहेत, तर त्या देशाने मुलाला आपले राष्ट्रीयत्व द्यावे, असे ते सांगते. भारत या करारात नाही, म्हणून जबाबदारी पूर्णपणे आयर्लंडची ठरते. अर्जाची पद्धत ठेवायला करार परवानगी देतो, हे खरे. पण महिनोन्‌महिने चालणारा अर्ज म्हणजे तेवढे महिने नागरिकत्वच नाही. प्रत्येक मुलाला राष्ट्रीयत्व मिळवण्याचा हक्क आहे असे सांगणारा बालहक्क करारही आयर्लंडने १९९२ मध्ये मान्य केला आहे.

कायदा बदलायला वेळ लागेल. तोपर्यंत खात्याने आपल्याच अधिकारात पुढील व्यवस्था करावी: दोन्ही पालक आयरिश असल्याचे आणि कुणीही भारतीय नसल्याचे कागद मुंबईच्या आयरिश वाणिज्य दूतावासात दाखवल्यावर ३० दिवसांत नोंदणीचा निर्णय व्हावा, आणि तो होईपर्यंत बाळाला आयर्लंडपर्यंतच्या एका प्रवासाचा तातडीचा दाखला मिळावा. मुंबईतली कचेरी २०१९ पासून आहे. पाच-सहा महिन्यांच्या बाळाच्या कागदांसाठी तिचा उपयोग होत नसेल, तर आमच्या सभासदांना ती फक्त व्यापारमेळ्यांच्या निमंत्रणांपुरतीच ओळखीची राहील.

मागणी ३. निर्णयाची मुदत.

कोविडच्या काळात नोंदवहीचे काम थांबले. ते पुन्हा सुरू झाल्यावर २०२२ मध्ये दोन वर्षांपर्यंतची वाट सांगितली जात होती. त्यानंतर परिस्थिती सुधारली, याची नोंद आम्ही घेतो. तरीही अलीकडच्या वर्षांत, सगळे कागद बरोबर असताना, खात्यानेच जाहीर केलेली मुदत नऊ महिने ते वर्षभर अशी राहिली आहे. २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतानंतर ब्रिटनमधून अर्जांचा ओघ वाढला हे सर्वांना ठाऊक आहे. आजोबांच्या दाखल्यावर दुसरा पासपोर्ट मागणाऱ्या प्रौढ ब्रिटिश नागरिकाच्या हक्काबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही. पण त्याच्याकडे एक पासपोर्ट आधीच आहे, आणि आमच्या काही बाळांकडे एकही नाही. दोघे एकाच रांगेत उभे केले जातात, हे कामकाजाच्या दृष्टीनेही चुकीचे आहे.

म्हणून दोन वर्षांखालील मुलांची रांग वेगळी करावी आणि त्यांचा निर्णय १२ आठवड्यांत द्यावा; इतर अज्ञान मुलांचा सहा महिन्यांत. पाकीट मिळाल्याची पोच १० कामाच्या दिवसांत मिळावी. कागद कमी असतील तर सगळ्या त्रुटी एकाच पत्रात, पहिल्या चार आठवड्यांत कळवाव्यात. एक त्रुटी भरून काढल्यावर दुसरी सांगायची, आणि दर वेळी नवा टपालखर्च व नवी प्रतीक्षा, ही पद्धत बंद व्हावी.

मागणी ४. मूळ कागद.

अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण मग तो छापून, साक्षीदारासमोर सही करून, मूळ दाखल्यांसह डब्लिनला टपालाने पाठवावा लागतो. त्यात पालकाचे नॅचरलायझेशनचे, म्हणजे अर्ज करून नागरिकत्व मिळाल्याचे, मूळ प्रमाणपत्रही असते. हे प्रमाणपत्र न्याय खात्याने दिलेले आहे. एका खात्याच्या दप्तरात असलेली नोंद दुसऱ्या खात्याला पटवण्यासाठी नागरिकाने तो कागद नाशिकहून डब्लिनला पाठवायचा, याला कोणतेही कारण आम्हाला सापडलेले नाही. दोन्ही खात्यांनी प्रमाणपत्र क्रमांकावरून आपसात पडताळणी करावी.

भारतीय दाखल्यांसाठीही मार्ग तयार आहे. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, आयर्लंडही आहे. अपोस्टिल केलेल्या जन्मदाखल्यावरचा सही-शिक्का अस्सल मानण्याचे बंधन दोन्ही देशांनी स्वीकारलेले आहे. भारताच्या नोंदणी पोर्टलवरून निघणाऱ्या आताच्या दाखल्यांवर क्यूआर कोड असतो, त्यावरून दाखला तपासता येतो. अशा दाखल्यांची मुंबईच्या वाणिज्य दूतावासाने मूळ कागद पाहून केलेली प्रमाणित प्रत पुरेशी मानावी आणि मूळ कागद त्याच दिवशी परत द्यावेत.

नोंदणी झाल्यावर मुलाच्या पासपोर्टचा अर्ज पुन्हा वेगळा करावा लागतो. दोन्ही कामे एकाच खात्याची आहेत. पालकांची इच्छा असेल तर दोन्ही अर्ज एकत्र घ्यावेत, आणि एकदा तपासलेला कागद दुसऱ्यांदा मागू नये.

मागणी ५. नावे.

मराठी माणसाच्या नावात मधले नाव वडिलांचे असते. लग्नानंतर बाईचे मधले नाव नवऱ्याचे होते, आडनाव बदलते, आणि काही घरांत पहिले नावही बदलले जाते. ग्रामपंचायतीच्या जुन्या जन्मनोंदीत बऱ्याचदा बाळाचे नाव नसते, ते मागाहून भरले जाते. तालुक्याच्या कारकुनाने देवनागरीवरून रोमन लिपीत उतरवताना एखादे अक्षर इकडचे तिकडे केलेले असते. परिणामी एकाच बाईचे नाव जन्मदाखल्यावर, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, विवाह प्रमाणपत्रावर आणि आयरिश पासपोर्टवर चार प्रकारे दिसते. अर्ज तपासणाऱ्याला ही चार माणसे वाटली तर त्यात नवल नाही. पण त्याला हे समजावणारी सूचनाच नसेल तर तो दर वेळी नवे शपथपत्र मागणार.

खात्याने तपासनिसांसाठी लेखी मार्गदर्शिका काढावी आणि ती जाहीर करावी. नावातला फरक पुढीलपैकी एका कागदाने मिटला असे मानावे: महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखालील प्रमाणपत्र, राज्य राजपत्रात छापलेला नावबदल, किंवा नोटरीसमोर केलेले एकच प्रतिज्ञापत्र. गोव्यात विवाहाची नागरी नोंदणी पोर्तुगीज काळापासून चालत आली आहे, तिथले उतारेही तसेच मान्य करावेत. मसुदा तयार करायला आमचे सभासद विनामूल्य मदत करतील.

मागणी ६. नागरिकत्वाआधी जन्मलेली भावंडे.

पालक नागरिक होण्याआधी जन्मलेल्या मुलाला वंशाधारे हक्क नाही, कारण जन्मसमयी पालक आयरिश नव्हते. १ जानेवारी २००५ पासून, आयर्लंडमध्येच जन्मलेल्या मुलालाही, आई-वडिलांपैकी एकाचे जन्माआधीच्या चार वर्षांतले तीन वर्षांचे ग्राह्य वास्तव्य नसेल तर जन्मतः नागरिकत्व नाही. या वास्तव्याच्या अटीचे मूळ जून २००४ च्या सार्वमतात आहे आणि तो जनतेचा कौल आहे. तो फिरवा असे आम्ही म्हणत नाही.

आम्ही म्हणतो ते एवढेच: अशा मुलाचा अर्ज पालकाच्या अर्जासोबतच घ्यावा. आज आधी पालकाने नागरिक व्हायचे, मग मुलाचा अर्ज भरायचा, पुन्हा १७५ युरो अर्जाचे आणि निर्णय झाला की २०० युरो प्रमाणपत्राचे, आणि पुन्हा तेच पत्ते, तेच पुरावे. दोन्ही अर्जांतली माहिती जवळजवळ सारखी असते. पालकाच्या निर्णयाच्या दिवशी मुलाचा निर्णय देणे सरकारला स्वस्त पडेल. इथे जन्मलेल्या अशा मुलांसाठी वास्तव्याची अट २०२३ मध्ये पाचवरून तीन वर्षांवर आणली गेली, म्हणजे या प्रश्नात हात घालता येतो हे सरकारने दाखवून दिले आहे.

मागणी ७. वार्षिक निवेदन.

नॅचरलायझेशनने नागरिक झालेली व्यक्ती परदेशात राहत असेल, तर नागरिकत्व राखण्याच्या इराद्याचे निवेदन तिने दरवर्षी नोंदवायचे असते. सलग सात वर्षे परदेशात राहून ते न नोंदवल्यास नागरिकत्व रद्द होण्याची शक्यता कायद्यात आहे. आई-वडिलांच्या आजारपणासाठी पुण्याला परतलेल्या कुटुंबांना हे ठाऊकच नसते. प्रतिज्ञाविधीच्या वेळी ही सूचना लेखी द्यावी, निवेदन ऑनलाइन घ्यावे, त्याची पोच द्यावी, आणि नोंदवलेल्या ई-मेलवर दरवर्षी आठवण पाठवावी.

मागणी ८. भारतीय कायद्याची पूर्वसूचना.

काही घरांत एक पालक मुद्दाम भारतीय पासपोर्ट ठेवतो, कारण ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्डधारकाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही आणि सातबाऱ्याचे प्रश्न भावाभावांत चालू असतात. अशा घरातले भारतात जन्मलेले मूल जन्मतः भारतीय असते. आयरिश नोंदणी आणि पासपोर्ट घेतल्यावर त्याचा भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो व ओसीआय काढावे लागते. हे बहुतेकांना नोंदणी झाल्यावर कळते. खात्याच्या अर्जमाहितीत याबद्दल दोन स्पष्ट वाक्ये असावीत. भारतीय कायद्याचा सल्ला आम्ही मागत नाही, फक्त धोक्याची पाटी मागतो.

शुल्काबद्दल आमची तक्रार नाही. अज्ञान मुलाच्या नोंदणीचे १५३ युरो सभासद भरत आले आहेत आणि भरतील. पुराव्यांची तपासणी सैल करावी असेही आम्ही म्हणत नाही. खोट्या कागदांचा सर्वांत मोठा फटका खरे कागद असणाऱ्यांनाच बसतो. मागण्या ३ ते ५, ७ आणि ८ यांना कायदा बदलण्याची गरज नाही, मंत्रिमहोदयांच्या आदेशाने त्या अमलात येऊ शकतात. मागणी २ मधील तात्पुरती व्यवस्थाही तशीच. मागणी ६ साठी न्याय खात्याने कार्यपद्धती आणि नियम तपासावेत. मागणी १ साठी विधेयक लागेल, आणि त्याच विधेयकात कलम ७(३) चा नवा अपवाद बसू शकतो.

या पत्रावर ६० दिवसांत लेखी उत्तर मिळावे, मागणीनिहाय: मान्य, अमान्य की विचाराधीन, आणि अमान्य असल्यास कारणासह. मागणी २ वर चर्चेसाठी त्याआधी, ३० दिवसांत, बैठक द्यावी. आमच्या शिष्टमंडळात पाच जण असतील. त्यांत एक वकील, एक परिचारिका आणि सध्या नोंदणीची वाट पाहणाऱ्या बाळांचे दोन पालक असतील. मुदतीत उत्तर न आल्यास हेच मागणीपत्र आम्ही आयरिश संसदेच्या सार्वजनिक याचिका समितीसमोर दाखल करू आणि प्रत्येक मतदारसंघातले सभासद आपापल्या खासदाराला त्याची प्रत समक्ष देतील. त्यासाठीचा ठराव सर्वसाधारण सभेने आजच मंजूर केला आहे.

आपले,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य
डब्लिन